धरण नेमकं कुठे बांधायचं हे ठरवतात कसं?

ऐरोलीकर: नवी मुंबईचं पाणी मोरबे धरणातून येतं, ते पार तिकडे खालापूरजवळ. एवढं लांब का? इथे पारसिकच्या डोंगरात नसतं का झालं? मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट आहे, नीट समजावून सांगायचंय.

घाटवाट: पारसिक लहान आहे हो, पाणलोट, म्हणजे पावसाचं पाणी गोळा होऊन येणारा भागच नाही तेवढा, पडलेला पाऊस लगेच खाडीत जातो. धरणाला मागे पाणी साठायला पसरट खोरं लागतं आणि पुढे दोन डोंगरांमध्ये नदी अरुंद झालेली जागा, म्हणजे छोट्या भिंतीत जास्त पाणी अडतं. मोरबे धावरी नदीवर आहे, माथेरानच्या बाजूचा धो धो पाऊस तिथे मिळतो. आणि पायाला घट्ट कातळ हवा, आपल्याकडे बेसॉल्ट आहे पण त्यात भेगा असतात, मग सिमेंटचं ग्राउटिंग करून त्या बुजवतात नाहीतर पाणी भिंतीखालून झिरपत राहतं.

ऐरोलीकर: मस्त, हे तिला चित्र काढून दाखवतो. थँक्यू दादा!

शहापूरची: प्रोजेक्टमध्ये एक गोष्ट नक्की लिहायला सांगा. जागा फक्त नकाशावर चांगली असून चालत नाही, तिथे माणसं राहत असतात. तानसा धरण १८९२ पासून आहे, नंतर भातसा झालं, दोन्ही आमच्या शहापूर तालुक्यात, पाणी मुंबई-ठाण्याला जातं आणि आमच्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. बारवी धरणाची उंची वाढवली तेव्हाही गावं उठली. मला हे फार लागतं.

घाटवाट: ताई, अगदी बरोबर. बुडणारी जमीन आणि पुनर्वसन हेही जागा ठरवतानाच बघायला हवं, भिंत उभी राहिल्यावर नाही.