ट्यूमरच्या ऑपरेशननंतरच्या कॉम्प्लिकेशन्सची नोंद कशी ठेवावी?

रात्रपाळी:
न्यूरोसर्जरीत एमसीएचच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ब्रेन ट्यूमरच्या सगळ्या केसेसमधली कॉम्प्लिकेशन्स नोंदवायचं काम गळ्यात पडलंय. जुनी डिस्चार्ज कार्डं काढली, तर जिकडेतिकडे 'अनइव्हेंटफुल', म्हणजे काहीच अडचण आली नाही! ग्रेडिंग कुठलं वापरू?

कवटीफोड्या:
कार्डं आपणच लिहितो, त्यांत दुसरं काय सापडणार! लँड्रिएल-इबान्येझ घे. २०११ चं, खास न्यूरोसर्जरीसाठी. नुसत्या औषधावर किंवा त्याशिवायही भागलं तर १, पुन्हा प्रोसिजर लागली तर २, जिवावर बेतून आयसीयू लागला तर ३, मृत्यू ४. पण यात एक मेख आहे. पेशंटचं बोलणं कायमचं गेलं आणि त्यावर करण्यासारखं काही नसेल, तर ग्रेड १! म्हणून केपीएसचे (पेशंट रोजची कामं किती करू शकतो, त्याचे गुण) तीन रकाने वेगळे ठेव: ऑपरेशनआधी, डिस्चार्जला, तीन महिन्यांनी. आणि बायॉप्सीसकट प्रत्येक केस धर, नाहीतर टक्केवारी कशाची काढणार?

भुलीचा डॉक्टर:
कमी करायचं म्हणाल, तर डब्ल्यूएचओची ऑपरेशन-सुरक्षेची चेकलिस्ट आहेच. आठ शहरांतल्या २००९ च्या अभ्यासात हृदयाची सोडून बाकी ऑपरेशनांत मिळून कॉम्प्लिकेशन्स ११ वरून ७ टक्क्यांवर आली होती. मोठ्याने वाचली तर हं. आमच्याकडे सह्या आधी होतात, पेशंट नंतर येतो. डेक्सावरच्या (मेंदूची सूज उतरवणारं स्टेरॉइड) पेशंटची शुगरही बघत चला.

रात्रपाळी:
आणि नोंद करायची कुणी? सरांच्या केसमध्ये सरांनाच विचारू?

वॉर्डातली सिस्टर:
डॉक्टर, ज्याने ऑपरेशन केलं त्याने लिहू नये, एवढं पाळा. आणि तिसाव्या दिवशी फोन करा. गावाकडचा पेशंट टाके जवळच्या दवाखान्यातच काढतो, तुमच्या ओपीडीत फिरकत नाही. मुलाचा नंबर घ्या, शेजाऱ्याचाही. "काही त्रास?" विचारलंत तर "बरंय" म्हणतील. पट्टी ओली होते का, एकाच पोटरीला सूज आहे का, झटका आला का, असं विचारा.

कवटीफोड्या:
सिस्टरांना अनुमोदन. माझ्या सल्ल्यापेक्षा हा कामाचा.

रात्रपाळी:
पहिलाच फोन लावला. कार्डावर अनइव्हेंटफुल. बायकोने उचलला, म्हणाली, "बरंय." पट्टीचं विचारलं, तर, "सकाळी उशी ओली असते, तेवढंच." आत्ताच निघायला सांगितलंय.