झोपेआधीच्या अराउझलची (मन-शरीर उत्तेजित असण्याची) प्रश्नावली मराठीत केलीय, एक आयटम काही केल्या बसत नाहीये

अर्धवट_झोप: एमए सायकॉलॉजीचं डेझर्टेशन चालू आहे, प्री-स्लीप अराउझल स्केल मराठीत आणतेय (निकासिओ आणि मंडळींची, १९८५ ची, ८ आयटम विचारांचे ८ शरीराचे, प्रत्येकाला १ ते ५). परवानगी घेतली, दोघांकडून वेगवेगळं भाषांतर, मग मूळ न पाहिलेल्या माणसाकडून उलट इंग्रजीत, सगळं झकास जुळलं. पण ३० जणांच्या पायलटमध्ये (छोट्या आधीच्या चाचणीत) मेंटली अलर्टवाला आयटम, जो आम्ही 'मन सजग व कार्यरत असणे' केलाय, तो बाकीच्या विचारांच्या आयटमशी फटकूनच आहे, पडल्या पडल्या घोरणारे लोकही त्याला ५ देतायत. गाईड म्हणतात काढून टाक, अल्फा (आयटम एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) वाढेल. काढू?

टक्क_जागा: अजिबात नको! अहो 'सजग' म्हणजे कौतुकच झालं ना, माझ्या आजोबांना विचारलंत तर ताठ बसून ५ देतील. उलट भाषांतर जुळणारच, सजगचं इंग्रजी अलर्टच होणार, पुस्तकी मराठी इंग्रजीत परत जायला एकदम सोपी. ५-६ जणांना समोर बसवा आणि विचारा, हे वाचून नेमकं काय वाटलं, तुमच्या शब्दांत सांगा. आमच्या वेळी एक काकू म्हणाल्या "डोळे मिटलेत पण डोकं टक्क जागं", तेच घेतलं आम्ही.

आकडेमोड: ३० जणांवर अल्फाचा निकाल लावू नका, पायलट शब्द तपासायला असतो. आयटम काढलात तर विचारांचा स्कोअर ८ ते ४० राहणार नाही, मग इतर भाषांतल्या आकड्यांशी तुलना कशी करणार? शब्द बदला, मग नवीन २००-३०० लोक घेऊन सीएफए करा (आयटम ठरल्या गटांत, विचार आणि शरीर, खरंच बसतात का ते तपासणारं विश्लेषण), १ ते ५ ची उत्तरं ऑर्डिनल, म्हणजे फक्त क्रम सांगणारी, धरून. इन्सोम्निया सिव्हिरिटी इंडेक्स (निद्रानाश किती तीव्र ते मोजणारी प्रश्नावली) सोबत भरून घ्या. आणि हातपाय गार पडण्याचा आयटम मे महिन्यात विचारणार असाल तर देवच वाचवो.

अर्धवट_झोप: मेमध्येच आहे 😭 बरं अजून एक, पोटाचा आयटम 'पोटात गोळा येणे' केलाय, निम्मे म्हणतात भीती निम्मे म्हणतात गॅस.

टक्क_जागा: मूळ आयटममध्ये कंसात दोन्ही आहे की, जळजळ मळमळसुद्धा. तुम्ही कंस उडवलात का?

अर्धवट_झोप: हो, लांब वाटत होतं म्हणून 🙈