फॅमिली ग्रुप: तारीख 3 महिने सरकली म्हणजे नक्की काय झालं?

नानाकाका (पुणे): प्रशांत, बातमी वाचली, ग्रीन कार्डची तारीख 3 महिने पुढे सरकली म्हणे. तुझं जवळ आलं का रे?

प्रशांत (एडिसन, अमेरिका): काका सरकली खरी. अमेरिकी सरकारच्या सप्टेंबरच्या व्हिसा बुलेटिनमध्ये ईबी-2 (उच्चशिक्षित नोकरदारांचा गट) भारताची तारीख 1 जानेवारी 2013 होती, ऑक्टोबर 2025 ला 1 एप्रिल 2013 झाली. ज्यांची प्रायॉरिटी डेट (फाइल पहिल्यांदा लागली ती तारीख) त्याच्या आधीची आहे त्यांनाच कार्ड मिळू शकतं. माझी जून 2015 ची आहे.

सुमामावशी (नाशिक): म्हणजे सव्वादोन वर्षंच राहिली की

प्रशांत: नाही गं मावशी, इथेच सगळे फसतात. त्या सव्वादोन वर्षांत भारतात जन्मलेल्या जितक्या लोकांच्या फायली लागल्या ते सगळे माझ्या पुढे उभे आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या बायका-नवरे मुलं पण, कारण प्रत्येकाचा कोट्यातला वेगळा नंबर खर्च होतो. नोकरीवाल्या ग्रीन कार्डांचा वर्षाचा कोटा साधारण 1 लाख 40 हजार, त्यातला ईबी-2 चा वाटा 40 हजारच्या आसपास, आणि कुठल्याही एका देशाला 7 टक्के. म्हणजे आपल्याला हक्काचे 2,800. बाकीच्या देशांनी वापरले नाहीत तर वरचे मिळतात, पण ते किती ते दरवर्षी वेगळं. आमच्या घरातच तीन नंबर लागणार, मी, वैशाली आणि आमची मुग्धा. अर्णव इथे जन्मला म्हणून तो सिटिझन.

अमृता (ठाणे): दादा पण 7 टक्के सगळ्यांना सारखे म्हणजे आइसलंडला पण तेवढेच?

प्रशांत: हो, देश केवढा आहे याचा काही संबंध नाही. आणि पासपोर्ट बघत नाहीत, जन्म कुठे झाला ते बघतात. वैशालीची मैत्रीण मस्कतला जन्मली कारण वडील तिथे नोकरीला होते, तिच्या नवऱ्याचा जन्म सांगलीचा, तरी बायकोच्या जन्माच्या देशावर त्याची फाइल मोजली गेली आणि दोघांना केव्हाच कार्ड मिळालं. त्यांचं चांगलं झालं याचा आनंदच आहे पण हा न्याय नाही हे मी कुणालाही सांगेन.

नानाकाका: तरी सरकतेय ना पुढे, हळूहळू का होईना

वैशाली (एडिसन): काका मागे पण जाते. कोविडमध्ये वकिलाती बंद होत्या, नातेवाइकांमार्फत मिळणाऱ्या कार्डांचे नंबर उरले, कायद्याप्रमाणे ते पुढच्या वर्षी नोकरीवाल्यांना मिळाले, कोटा एकदम दुप्पट झाला. सप्टेंबर 2022 ला ईबी-2 ची तारीख 1 डिसेंबर 2014 होती. आम्ही रात्री जागून मेडिकलचे कागद, जन्मदाखले, पिंपरी महापालिकेतून मुग्धाचा इंग्रजी दाखला, सगळं फाइलला लावून ठेवलं होतं. ऑक्टोबरला तारीख 1 एप्रिल 2012 वर, डिसेंबरला 8 ऑक्टोबर 2011 वर. ती फाइल अजून कपाटात आहे.

मंदारदादा (सॅन होजे): आम्ही जुलै 2007 बघितलाय. आधी बुलेटिनमध्ये जवळजवळ सगळे करंट, म्हणजे तारखेची अटच नाही, लोकांनी सुट्ट्या टाकून अर्ज पाठवले, आणि 2 जुलैला सांगितलं नंबर संपले. मग आपल्या लोकांनी इमिग्रेशनच्या ऑफिसला शेकडो फुलांचे गुच्छ पाठवले, गांधीगिरी. ती फुलं जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलला दिली गेली. 17 जुलैला निर्णय फिरवला आणि 17 ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले. त्यात माझा अर्ज गेला म्हणून ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मिळालं, कंपनी बदलता आली. कार्ड नंतर खूप उशिरा आलं पण माणूस मोकळा झाला.

प्रशांत: मंदारदादा बरोबर बोलतोय, खरा फरक अर्ज आत जाण्याचा आहे. कार्ड हातात नसलं तरी 485 (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) लागला की 180 दिवसांनी त्याच प्रकारच्या कामात नोकरी बदलता येते. आम्ही त्याच्याही बाहेर. नोकरी बदलली तर तारीख राहते, पण पर्म (लेबर खात्याची मंजुरी) आणि आय-140 (कंपनीचा अर्ज) पुन्हा पहिल्यापासून. 2019 ला अमेरिकी संसदेतल्या हाउसने देशाची मर्यादा काढायचं बिल 365 विरुद्ध 65 ने पास केलं, 2020 ला सिनेटने आपलं वेगळं पास केलं, दोन्हीचं जुळलं नाही आणि संपलं.

सुमामावशी: मुग्धाचं काय रे होणार?

वैशाली: मावशी तीच काळजी आहे. 21 झाली की ती आमच्या फाइलमधून बाहेर. वयातून आय-140 पेंडिंग होतं तेवढे दिवस वजा करतात, पण आमचं जादा फी भरून प्रीमियममध्ये पटकन झालं त्यामुळे वजा व्हायला फारसं काही नाही. त्यात 15 ऑगस्ट 2025 पासून वय मोजायला बुलेटिनमधला फायनल ॲक्शनचा (कार्ड देण्याच्या तारखांचा) तक्ता धरतात, आधी फायलिंगचा (अर्ज घेण्याच्या तारखांचा) धरत होते, त्यातल्या तारखा पुढे असायच्या. सात वर्षांची असताना आली ती, शाळा इथे, मैत्रिणी इथे, मराठीसुद्धा ती शनिवारच्या शाळेत इथेच लिहायला शिकली. तिला एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागेल, मग एच-1 (नोकरीचा व्हिसा) ची लॉटरी, मग स्वतःची नवी रांग, तेव्हाच्या तारखेपासून.

नानाकाका: हे आम्हाला माहीतच नव्हतं. दर दिवाळीला विचारायचो, झालं का म्हणून.

प्रशांत: विचारा काका, काही वाटत नाही. फक्त तारीख सरकली की अभिनंदन नको, मुग्धा वाचते हा ग्रुप.

रोहन (पुणे): दादा मी पुढच्या वर्षी एमएसला अप्लाय करतोय, मग करू की नको?

प्रशांत: शिकायला ये, नक्की ये. पण कर्ज काढताना ग्रीन कार्ड मिळेलच हे गणितात धरू नकोस, आज पर्म लावणाऱ्याने ते नोकरीच्या आयुष्यात हाती येईल असं समजू नये. फी, लोन, आणि तीन वर्षं ओपीटीवर (शिक्षणानंतर कामाची परवानगी) काम करून परत आलास तरी हप्ते झेपतात का एवढंच बघ. तुझा विषय स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) बसतो का ते आधी विचार, नाहीतर ओपीटी एकच वर्ष. कॉलेजांची यादी पाठव, रविवारी तुमच्या रात्री 9 ला फोन करतो.

मंदारदादा: वैशाली, आय-140 ची रिसीट आणि अप्रूव्हल दोन्हीच्या तारखा मला पाठव, वय मोजून बघू. आणि मुग्धाचा एफ-1 चा अर्ज 21 व्या वाढदिवसाच्या बऱ्याच आधी टाका. कॉलेज कुठली फी लावणार, इथल्या मुलांची की परदेशी विद्यार्थ्यांची, ते त्यांच्याकडून ईमेलवर लेखी घे, तोंडी नको.

वैशाली: घेते दादा. सोमवारी वकिलाशी बोलणं आहे, त्याआधी पाठवते.