मदत हवी आहे: बर काढताना भोकं जास्तच कोरली गेली, पत्रा वाचेल का?

अर्धवट_विमान

मंडळी, नमस्कार.

दोन आसनांचं, पूर्ण धातूचं किट विमान (तयार सुटे भाग आणून स्वतः जोडायचं) बांधतोय. शेपटीचे भाग एका अनुभवी मित्राच्या नजरेखाली झाले. आता धडाचा मागचा निमुळता भाग एकट्याने हाती घेतला आणि तिथेच माती खाल्ली.

बाहेरचे पत्रे २०२४-टी३ अल्क्लॅड ॲल्युमिनियमचे, ०.०२५ इंची, म्हणजे जेमतेम ०.६ मिलिमीटर. कोपऱ्यांतून लांबलचक जाणारे लाँजरॉन ६०६१-टी६ ॲल्युमिनियमच्या अँगलचे. भोकं कारखान्यातूनच पंच होऊन आलीत. बर, म्हणजे भोकाच्या कडेला राहिलेली धातूची खरखर, काढायला हाताने फिरवायचं टूल होतं, पण शे-दीडशे भोकांनंतर मनगट बोलायला लागलं, म्हणून त्याचंच शंकूसारखं काउंटरसिंक कटर बॅटरीच्या ड्रिलला लावलं. काम भराभर झालं. फारच भराभर. सकाळी पत्रा उजेडात तिरका धरला, तर भोकाभोकाला दोन्ही बाजूंनी चकचकीत वाटी! बर गेली आणि तिच्याबरोबर भोकाची कडही गेली. काही भोकांची धार तर नखाला ब्लेडसारखी लागते.

हा पत्रा वापरता येईल की नवा मागवू? दुसरं म्हणजे, पत्र्याच्या कडा किती घासल्या म्हणजे पुरे? मी कडेवर बोट फिरवतो, कापलं नाही की झालं म्हणतो. आणि पत्र्यावरची निळी प्लास्टिक फिल्म अजून दोन्ही बाजूंनी तशीच आहे, ती कधी काढायची? प्रायमरबद्दल विचारायची तर भीतीच वाटते, कारण त्यावरून इथे भांडणं होतात.

पत्रेवाला

आधी दोन गोष्टी सांगा. फायनल ड्रिल, म्हणजे भोकं शेवटच्या मापाला नेणं, झालंय का? आणि कोणत्या भोकांत ३/३२ इंची रिव्हेट बसणार, कोणत्यात १/८?

अर्धवट_विमान

फायनल ड्रिल फक्त खालच्या पत्र्याला झालंय. बाजूचे दोन्ही पत्रे नुसते पंच झालेले. लाँजरॉनच्या रांगेत १/८ येणार आणि बाजूच्या पत्र्यांतली ती भोकं सध्या ३/३२ च्या मापाची आहेत. बाकी सगळीकडे ३/३२, चपट्या डोक्याचे.

पत्रेवाला

मग अर्धा जीव भांड्यात पडू द्या. लाँजरॉनच्या रांगेतलं भोक १/८ ला नेताना सगळ्या बाजूंनी साधारण ०.४ मिलिमीटर धातू जाणार आहे. तुमची वाटी त्यात गडप होईल. म्हणूनच भोकांची बर फायनल ड्रिलनंतर काढायची असते. तुम्ही उद्या कापून टाकायची कड आज चकाकवत बसलात.

खालच्या पत्र्याला आणि बाजूच्या पत्र्यांतल्या ३/३२ च्या भोकांना मात्र हा फायदा मिळणार नाही. पंचचं माप आणि क्र. ४० चं ड्रिल (३/३२ च्या रिव्हेटसाठीचं) यांत केसभराचाच फरक असतो. तिथे अंदाज नको, चाचणी करा. त्याच जाडीच्या उरलेल्या तुकड्यावर क्र. ४० ने दहा भोकं मारा. पाच तुमच्या त्या ड्रिलने मुद्दाम तितकीच कोरा, पाच हाताने करा. दहाही डिंपल करा (रिव्हेटचं डोकं पातळीत बसावं म्हणून भोकाभोवती खळगा दाबा) आणि दहापट भिंगाखाली बघा. डिंपल पाडताना भोकाची कड ताणली जाते. ती धारदार असेल किंवा बर राहिलेली असेल, तर डिंपलच्या ओठावरून बाहेरच्या दिशेने बारीक चिरा निघतात. चिरा दिसल्या नाहीत आणि क्र. ४० चं ड्रिल भोकात न डगमगता बसलं, तर मी तो पत्रा टाकणार नाही.

एखाददुसरं भोक सैल निघालंच, तर बांधणाऱ्यांमध्ये ज्याला ‘ऊप्स रिव्हेट’ म्हणतात तो एनएएस १०९७ आहे: दांडा १/८ चा, डोकं जवळजवळ ३/३२ च्या रिव्हेटएवढंच. पण दांडा वाढला की कडेपासूनचं अंतरही पुन्हा मोजा. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत निदान व्यासाच्या दुप्पट, म्हणजे १/८ साठी पाव इंच. तेवढं नसेल, किंवा ओळीने पाच-सहा भोकं सैल असतील, तर फोटो काढून किट बनवणाऱ्यांनाच विचारा. तिथे माझं मत चालणार नाही.

यापुढे टूल हातानेच फिरवा. टूलच्या स्वतःच्या वजनाने दोन-तीन वेढे, बस. झालं की नाही ते कापसाच्या काडीने कळतं. भोकावरून काडी फिरवा, तंतू अडकला तर अजून एक वेढा. वाटी डोळ्यांना दिसली म्हणजे तुम्ही आधीच पुढे गेलात.

कडांचं उलट आहे. तिथे सगळे आळस करतात आणि “कापलं नाही की झालं” ही त्या आळसाची सुरुवात. कारखान्यात कापलेल्या कडेवर आडव्या बारीक रेघा असतात, भिंगातून करवतीच्या दातांसारख्या दिसतात. बोट कापत नाही, पण चीर तिथूनच सुरू होते. कानस कडेच्या लांबीने ओढा, मग स्कॉच-ब्राइटच्या घासायच्या चाकावर फिरवा, शेवटी हाताने मरून रंगाचं घासायचं पॅड. कड आरशासारखी नको, पण एकही आडवी रेघ उरता कामा नये. आतले कोपरे आणि फ्रेममधली (धडाला आकार देणाऱ्या आडव्या चौकटींमधली) वजन कमी करायची मोठी भोकं विसरू नका, चाक तिथे पोचत नाही. आणि स्टीलवूलला या पत्र्याजवळही फिरकू देऊ नका. लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच गंज धरतो. शिसपेन्सिलीचंही तेच. खुणा मार्करने करा, सुईने तर अजिबात नाही.

१९५४ मध्ये कॉमेट प्रवासी जेट विमानं हवेत फुटली, तेव्हा तपासात छताच्या खिडकीच्या कोपऱ्याजवळच्या भोकांशी धातू थकलेला (पुन्हापुन्हा ताण येऊन चिरलेला) सापडला होता. आपल्या विमानात हवेचा दाब भरत नाहीत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. तरी कडा घासायचा कंटाळा आला की मला ते आठवतं.

दुसरी_पाळी

फ्रेमबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ड्रिल मारायच्या आधी हे बघाच. प्रेसमधून आलेल्या फ्रेमचा फ्लँज (दुमडलेली कड) वाकडा असतो आणि काटकोनातही नसतो. फ्रेम सपाट टेबलावर ठेवा, डुलली तर दोन भोकांच्या मधोमध फ्लुटिंग प्लायरने चिमटे काढत भोकं एका रेषेत आणा. हे न करता क्लेकोने (पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पिनेने) ओढून बसवलंत, तर बाहेरचा पत्रा भोकाभोकाशी दबतो आणि रंग दिल्यावर ते लांबूनही दिसतं.

फिल्म: आतल्या बाजूची आजच काढा. वर्षानुवर्षं राहिली तर चिकटून बसते आणि तिच्याखाली ओल धरते. बाहेरची ठेवायची असेल तर फक्त रिव्हेटच्या रांगांवरची पट्टी काढा, टोक गोल केलेल्या सोल्डरिंग आयर्नने. कटर लावू नका, पत्र्यावर ओरखडा गेलाच म्हणून समजा.

प्रायमर: मी मारतो, पण सगळीकडे नाही. अल्क्लॅडवर शुद्ध ॲल्युमिनियमचा थर असतो, दर बाजूला जाडीच्या ५ टक्के. तुमच्या पत्र्यावर तो साधारण ०.०३ मिलिमीटर. प्रायमर मारणार नसाल तिथे पॅडने घासूच नका, आहे ते कवच उगाच जाईल. अँगलवर तो थर नाही, तिथे मारा. पत्र्यावर पत्रा येतो तिथेही मारा. क्रोमेट असलेला प्रायमर कॅन्सरकारक आहे, तेव्हा नुसता धुळीचा मास्क पुरत नाही, रेस्पिरेटर लागतोच.

पत्रेवाला

मी आतून सगळीकडे मारतो. पण वजन वाढतं हे मान्य. यावर इथेच थांबू.

अर्धवट_विमान

दोघांचेही आभार. काल रात्री चाचणी केली. हाताने केलेली पाचही स्वच्छ. ड्रिलने कोरलेल्या पाचांपैकी दोघांना चिरा, भिंगाशिवाय दिसल्या नसत्या. खालच्या पत्र्यावर क्र. ४० चं ड्रिल बहुतेक ठिकाणी नीट बसतंय, पण मागच्या फ्रेमच्या रांगेत सलग सात भोकांत डगमगतंय. फोटो काढून किटवाल्यांना पाठवलेत. तोवर बाजूचे पत्रे बाजूलाच ठेवलेत आणि कडा घासायला घेतल्यात. एका फ्रेमला पाऊण तास लागतोय, हे बरोबर आहे ना?

पत्रेवाला

पहिल्या फ्रेमला मला दीड तास लागला होता.