हिशेबवहीच्या वेष्टणातलं गायनपत्र: मूळ पान केवढं असावं?

चर्मपत्री: स्वीडनमधल्या १५६९ च्या सरकारी हिशेबवहीचं वेष्टण झालेलं, जुन्या लॅटिन चर्चगायनाच्या हस्तलिखिताचं एक पान आहे, १९० × २३० मिमी. वरचा भाग कापलेला, खालचा समास शाबूत. दोन्ही बाजूंना स्वर लिहायच्या, चार लाल रेषांच्या ६-६ पट्ट्या, एका पट्टीपासून पुढचीपर्यंत २७ मिमी. पुढच्या बाजूचा डावा काठ कापल्याने तिथले क्लेफ (कोणत्या रेषेवर कोणता स्वर हे सांगणाऱ्या खुणा) गेलेत. ही बाजू ‘एत दातुम एस्त एई’वर संपते, मागची ‘पोतेस्तास एयुस’ने सुरू होते. ग्रंथ कोणता, पान केवढं आणि स्वर कसे लावायचे?

जुनी_शाई: ‘आस्पिसिएबाम इन विसू नोक्तिस’. नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या रात्रप्रार्थनेतली रिस्पॉन्सरी (वाचनानंतर गायचं गीत), कांतुस या चर्चगीतांच्या ऑनलाइन सूचीतला क्रमांक ००६१२८. तिथे शोधताना हस्तलिखितातलं ‘चेली’ (celi) चालत नाही, प्रमाण लॅटिन स्पेलिंग (caeli) टाका. मधली वाचनं बारीक अक्षरात पूर्ण लिहिलेली असतील तर स्वरांकित ब्रेव्हियरी (रोजच्या प्रार्थनांचा ग्रंथ), नुसती गाणीच असतील तर अँटिफोनरी (त्या प्रार्थनांतल्या गाण्यांचा ग्रंथ). या रिस्पॉन्सरीचा श्लोक बहुतेक ठिकाणी ‘पोतेस्तास एयुस’ हाच असतो, त्यामुळे हस्तलिखित कुठल्या चर्चचं हे त्यावरून कळणार नाही.

रेघोट्या: उंचीचा हिशेब सोपा आहे. मागच्या बाजूला वर कापून गेलेला मजकूर ‘रेग्नुम एत होनोर…’पासून ‘सेर्विएन्त एई’पर्यंत, लॅटिनमध्ये ५२ अक्षरं. तुमच्या पानावर ओळीला सरासरी १८ अक्षरं बसत असतील तर ३ ओळी गेल्या. म्हणजे ९ पट्ट्या, ९ × २७ = २४३ मिमी लेखनक्षेत्र, समास वेगळे. मात्र नुसत्या अक्षरांवर विसंबू नका. रिस्पॉन्सरीत शब्दाच्या एकेका अवयवावर (सिलॅबलवर) लांब ताना असतात, तिथे चार अक्षरांतच ओळ संपते. दुसऱ्या हस्तलिखितात तेवढ्या मजकुराचे स्वर मोजा आणि तुमच्या ओळीला किती स्वर बसतात त्याने भागा. एका ओळीचा फरक सहज पडतो.

कुस्तोस: पुढचा डावा काठ म्हणजेच मागचा उजवा काठ. त्यामुळे मागच्या बाजूचे क्लेफ शाबूत असणार, आधी ती बाजू लिहून काढा. पुढच्या बाजूला उजव्या टोकाचे कुस्तोस उरले असतील. कुस्तोस पुढच्या ओळीचा पहिला स्वर दाखवतो. तो स्वर पुढच्या पट्टीवर त्याच जागी असेल तर क्लेफ बदललेला नाही. जागा हलली असेल तर क्लेफही तेवढाच हलला. पहिला स्वरच कापला गेला असेल तर ही युक्ती चालत नाही, छापील चालीशी ताडून पाहावं लागतं.

चर्मपत्री: आणि काळ? १५६९ धरायचा का?

जुनी_शाई: छे, ते वेष्टण घातल्याचं साल. १५२७ नंतर धर्मसुधारणेत जुने लॅटिन ग्रंथ निरुपयोगी ठरले आणि त्यांची पानं हिशेबवह्यांना लागली. काळ अक्षराच्या वळणावरून आणि रंगीत आद्याक्षरांवरून ठरवा. नुसत्या स्वरचिन्हांवरून नको, चौकोनी चिन्हं तर शतकानुशतकं चालली. वही ज्या परगण्याची, हस्तलिखितही तिथलंच असंही नाही. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असे सुमारे २२,५०० तुकडे आहेत. २७ मिमीचं अंतर आणि पट्टीची उंची घेऊन आसपासच्या सालांच्या वह्या चाळा, त्याच ग्रंथाची भावंडं सापडू शकतात.