महालक्ष्म्यांचा स्वयंपाक बाहेरून सांगितला तर काय बिघडतं?

पुण्यातली धाकटी
आमच्या महालक्ष्म्या, म्हणजे गणपतीतल्या गौरी, नागपूरला महाल भागातल्या जुन्या घरी असतात. थोरल्या जाऊबाई सगळं बघतात, आम्ही पुण्याहून जातो. ६० दिवस आधी रिझर्व्हेशन उघडलं तेव्हाच तिकिटं काढली, जरीच्या साड्या घडी करून ठेवल्या, पोरांना शाळेतून सुटी मागितली. जायची ओढ आहे आणि पोटात गोळाही आहे. ओढ माणसांची, गोळा स्वयंपाकघराचा.

पूजनाला सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, कथली, कढी, वडे, चटण्या. त्याआधी फुलोऱ्याच्या करंज्या, पापड्या, वेणी-फणी तळायच्या. सवाष्णींची पंगत उठेस्तोवर घरच्या बायकांच्या पोटात चहाशिवाय काही नसतं. नणंद वर्षाने भेटते आणि तिच्याशी माझं बोलणं होतं ते पुरण वाटताना. तेही 'गूळ विरघळला का?' एवढंच.

म्हणून माझं मत: नैवेद्यापुरतं घरी, सोवळ्यात करावं. पंगतीचं बाहेर सांगावं आणि खर्च भावंडांनी वाटून घ्यावा. घरच्या ग्रुपवर हे टाकलं तर दोन अंगठे आले, मग सगळे चिडीचूप.

वऱ्हाडी काका
काहून बाप्पा, बाहेरूनच आणाचं तर मंग नागपूरले येता कायले? पुण्यातच हाटेलात जेवा ना. महालक्ष्मीचं जेवण म्हंजे घरच्या हातचं. पुरणाचा वास घरात सुटला नाही तर सण कायचा?

पुण्यातली धाकटी
काका, तुम्ही कोणती भाजी चिरता?

वऱ्हाडी काका
मी वाढतो ना पंगतीत! आंबीलचा गंज कोण उचलते मंग?

धंतोलीची थोरली
मी त्या 'थोरल्या जाऊबाईं'च्या जागेवरची, घर वेगळं. ताई, तुम्हाला एक दिवस जड जातो. मुखवटे बसवायच्या कोठ्या माळ्यावरून काढणं, मुखवटे चिंचेने घासणं, फुलोऱ्याच्या पिठापासून केळीच्या खांबांपर्यंत सगळं आणून ठेवणं, हे तुम्ही स्टेशनवर उतरता तोवर झालेलं असतं. विसर्जनानंतर साड्या घड्या करून ठेवायलाही कोणी थांबत नाही. बाहेर सांगायला माझी ना नाही. पण हा निर्णय पुण्यात बसून घ्यायचा आणि मला कळवायचा, हे पटत नाही. आणि 'खर्च वाटून घेऊ' म्हणणाऱ्यांना नंतर दोनदा आठवण करावी लागते, तेही लिहूनच टाकते.

समृद्धीवाला
धाकटीशी सहमत. आधी लोक चार-चार दिवस राहायचे, आता राहतं कोण? समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटर, मुंबईहून आठेक तासांत नागपूर. आमचा भाऊ तेव्हापासून पूजनाला सकाळी येतो, जेवतो आणि रात्री गाडी काढतो. सण नक्षत्रावर: अनुराधेला आवाहन, ज्येष्ठेला पूजन, मूळावर विसर्जन. २०२५ मध्ये पूजन सोमवारी आलं, साहेब सुटी देईना. जेमतेम दिवसभर माणसं एकत्र, त्यातही बायका ओट्यापाशी. मग भेटायचं कधी?

बजाजनगरची
भाज्यांवरून काय भांडता! आमच्याकडे सोळाही भाज्या थोड्या-थोड्या घेऊन एकच मिसळीची भाजी करतात. कुलाचार राहतो, गॅसही कमी जातो.

मला वेगळंच विचारायचं आहे. वर्षानुवर्षं आमच्याकडे ज्येष्ठा महालक्ष्मीला साडी काकूच नेसवायची. टाचण्या ओठांत धरून एकेक निरी बोटाने सरळ करायची, मग दोन पावलं मागे जाऊन मुखवटा तिरपा नाही ना ते बघायची. काका गेले आणि तिला हात लावू देत नाहीत. भाज्या चिरलेल्या चालतात, पोळ्या लाटलेल्या चालतात, ओटी भरलेली चालत नाही! गेल्या खेपेला ती दारातून सांगत होती, 'डावीकडचा पदर खाली घ्या'. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, सरकारनेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. आमच्या घरात ते परिपत्रक पोचलेलं नाही. बॅग भरायला घेतली की मला हेच आठवतं. वडे कोण तळणार, त्याचं मला काही नाही.

धंतोलीची थोरली
काकूंचं वाईट वाटतं. पण सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. ऐन सणाला त्यांच्याशी वाद घालून घर ढवळून काढायचं का? त्यांच्या पश्चात बदलेलच.

बजाजनगरची
तोवर काकूही ऐंशीच्या होतील.

वऱ्हाडी काका
हे मात्र खरं बोलली पोरगी. आमच्या घरी वहिनीच नेसवते साडी, भाऊ गेल्यावरही. माय म्हणे, लक्ष्मीले तिच्याच हातची सवय हाये. कोणाची हिंमत नाही झाली बोलाची.

पुण्यातली धाकटी
@धंतोलीची थोरली, पुण्यात बसून ठरवलं हे तुमचं बरोबर लागलं. जाऊबाईंना आता ग्रुप सोडून थेट फोन केला. त्या म्हणाल्या, पोळ्या आणि वडे बाहेर सांगू, बाकी घरी. पण मी दोन दिवस आधी यायचं आणि फुलोरा माझ्याकडे. तिकीट बदलायला घेतलंय, सध्या वेटिंगच दाखवतंय.

धंतोलीची थोरली
पोळ्यांचं आजच सांगून ठेवा. गणपती बसले की त्या बाया नवीन ऑर्डर घेत नाहीत. आणि पुरणात जायफळ घालायला आठवणीने सांगा, नाहीतर नुसती वेलची घालून मोकळ्या होतात.