मदत हवी आहे: इंग्रजी मेलमधल्या मुदती आणि क्वार्टर नेमके कसे वाचायचे?

न्यूयॉर्कच्या क्लायंटला दर महिन्याला रिपोर्ट जातो. त्यांच्या मेलमध्ये ‘क्यू-वन नंबर्स बाय ईओडी फ्रायडे’ असं असतं, म्हणजे पहिल्या तिमाहीचे आकडे शुक्रवारी दिवस संपेपर्यंत (एंड ऑफ डे) द्या. मग क्यू-वन कुठला धरायचा, आणि शुक्रवार कोणाचा? शिवाय ‘बायवीकली कॉल’ म्हणजे आठवड्यातून दोनदा की पंधरवड्यातून एकदा? आपण ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे घेणं) लिहिलेलं त्यांना कळतं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

खतावणी (सदस्याचं टोपणनाव):
आधी क्लायंटचं आर्थिक वर्ष कधी सुरू होतं ते विचारून घ्या. आपल्याकडे क्यू-वन म्हणजे एप्रिल ते जून, जानेवारीत वर्ष सुरू करणाऱ्यांचा जानेवारी ते मार्च, तर अमेरिकेच्या केंद्र सरकारचा ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणून नुसतं क्यू-वन लिहूच नका. ‘क्वार्टर एंडेड ३० जून २०२५’ लिहिलं की वाद मिटतो.

खरी गडबड वायटीडीमध्ये (इयर टू डेट, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीपासून त्या तारखेपर्यंतची बेरीज) होते. जूनअखेरचा वायटीडी आकडा आपल्या हिशेबाने तीन महिन्यांचा, त्यांच्या जानेवारीच्या वर्षाने सहा महिन्यांचा. आकडे जुळत नाहीत म्हणून लोक एंट्र्या तपासत बसतात, आणि चूक कॉलमच्या मथळ्यात असते. मथळ्यातच ‘१ एप्रिल टू ३० जून’ टाका.

तसंच बॅलन्स शीटला ‘ॲज ॲट ३१ मार्च’, कारण ती त्या दिवशीची स्थिती. नफा-तोटा पत्रकाला ‘फॉर द इयर एंडेड ३१ मार्च’, कारण तो वर्षभराचा हिशेब.

मुदतवाढ:
ईओडीबद्दल. न्यूयॉर्कला शुक्रवारी संध्याकाळचे ५ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात शनिवारी पहाटेचे २:३० आणि हिवाळ्यात ३:३० झालेले असतात. त्यांची घड्याळं मार्च आणि नोव्हेंबरमध्ये बदलतात. त्यात काहींचा ईओडी ५ वाजता संपतो, काहींचा मध्यरात्री. तेव्हा उत्तर देतानाच पक्कं करा: ‘बाय फ्रायडे, २० जून, ५ पीएम ईस्टर्न टाइम’. उन्हाळ्यात ईएसटी (ईस्टर्न स्टँडर्ड टाइम) लिहू नका, तो हिवाळ्याचा टाइम. महिनाही अक्षरात लिहा. ‘०६/०७’ लिहिलं तर अमेरिकन लोक ७ जून वाचतात, आपण ६ जुलै.

‘शुक्रवारपर्यंत पाठवतो’ आणि ‘शुक्रवारपर्यंत रजेवर आहे’, दोन्हीकडे आपण ‘पर्यंत’च म्हणतो, म्हणून ‘आय विल सेंड इट अंटिल फ्रायडे’ अशी चूक फार होते. पाठवण्याला ‘बाय’, रजेला ‘अंटिल’.

‘बायवीकली’चे दोन्ही अर्थ चालतात, त्यामुळे ‘एव्हरी टू वीक्स’ किंवा ‘ट्वाइस अ वीक’ लिहा. ‘फोर्टनाइटली’ अमेरिकेत फारसं चालत नाही. ‘प्रीपोन’ भारताबाहेर अनेकांना कळत नाही. ‘मूव्ह फॉरवर्ड’ कोणी आधी समजतं, कोणी नंतर. सरळ जुनी आणि नवी वेळ द्या: ‘फ्रॉम थ्री पीएम टू वन पीएम’.

धागाकर्ता:
वायटीडीचा घोळ आमच्याकडे हाच असणार. मुदत वाढवून मागायची तर?

मुदतवाढ:
मुदत उलटायच्या आधी मागा, शक्यतो एक दिवस तरी. ‘डिले होईल’ एवढंच नको; नवी तारीख, कारण आणि आज काय देता येईल ते लिहा: ‘सेल्स फिगर्स टुडे, एक्स्पेन्सेस बाय ट्यूजडे, २४ जून; बँक स्टेटमेंट इज पेंडिंग’.